पाण्यात उतरलेली से-री



आज एका कोरियन गोल्फपटूची गोष्ट सांगतो. गोल्फमधलं काही कळत नसलं तरी बिघडत नाही. कमीत कमी फटक्यांत चेंडू भोकात घालायचा, एवढं माहीत असलं की पुरे. तिचं नाव पाक से-री. कोरियात आडनाव आधी येतं, म्हणून आपण तिला से-री म्हणू.

तिची गोष्ट कळायला आधी १९९७ चा डिसेंबर आठवायला हवा. दक्षिण कोरियाची परकीय गंगाजळी आटली, वॉन कोसळला आणि सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं दार ठोठवावं लागलं. मोठमोठ्या कंपन्या बुडाल्या, घरोघरी नोकऱ्या गेल्या. १९९८ च्या सुरुवातीला लोकांनी देशाचं कर्ज फेडायला रांगा लावून घरातलं सोनं आणून दिलं. त्यात लग्नातल्या अंगठ्या होत्या, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्याही होत्या. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोनं जमवलं. आपल्याकडे १९९१ मध्ये सोनं गहाण पडलं, ते रिझर्व्ह बँकेच्या तिजोरीतलं. हे मात्र घराघरांतल्या कपाटांतून निघालं होतं.

त्याच वर्षी २० वर्षांची से-री अमेरिकेच्या महिला व्यावसायिक टूरवर नवखी म्हणून खेळत होती. जन्म १९७७ चा, गाव देजॉन. शाळेत ती मैदानी खेळांत होती. गोल्फकडे वळवलं वडिलांनी, आणि त्यांची शिस्त कडक. मे महिन्यात तिने पहिली मोठी स्पर्धा, एलपीजीए चॅम्पियनशिप, जिंकली. मग जुलैमध्ये आली यूएस ओपन, विस्कॉन्सिनमधल्या ब्लॅकवुल्फ रन मैदानावर.

चार दिवसांच्या ७२ होलनंतर से-री आणि जेनी चुआसिरिपोर्न बरोबरीत. जेनी थाई आईवडिलांची, अमेरिकेत वाढलेली, अजून कॉलेजात शिकणारी हौशी खेळाडू. सोमवारी दोघींना आणखी १८ होल खेळावे लागले. शेवटच्या होलला पुन्हा बरोबरी, आणि से-रीचा चेंडू डावीकडे भरकटून तळ्याच्या अगदी कडेच्या गवतात अडकला. एका फटक्याचा दंड घेऊन चेंडू बाहेर ठेवायची मुभा होती. तिने बराच वेळ पाहिलं, बूट-मोजे काढले आणि पाण्यात उतरली. उन्हात रापलेल्या पोटऱ्या आणि खाली पांढरीफटक पावलं. रोज किती तास ही मुलगी मैदानावर असते, ते त्या दोन रंगांत दिसत होतं. चेंडू बाहेर निघाला. तो होलही बरोबरीत सुटला आणि पुढच्या दुसऱ्या होलला से-री जिंकली. एकूण ९२ होल!

कोरियात तेव्हा मंगळवारची पहाट होती आणि लोक टीव्हीपुढे बसले होते. पाण्यात उतरायचं ते दृश्य पुढे सरकारी जाहिरातीत आलं, पाठीमागे यांग ही-उनच्या आवाजातलं गाणं. नोकरी गेलेल्या माणसाला त्या फटक्यात काय दिसलं असेल, ते वेगळं सांगायला नको.

आता थोडा विचार करू. त्याआधी १० वर्षं, १९८८ मध्ये, कू ओक-ही या कोरियन बाईने याच टूरवर स्पर्धा जिंकली होती. मग लाट तेव्हा का नाही आली? मला वाटतं, कारण ते फार कोणी पाहिलंच नाही. १९९८ मध्ये सगळ्या देशाने एकदम पाहिलं, आणि हे आपल्याही मुलींना जमेल असं आईवडिलांना वाटलं. २००८ पर्यंत टूरवर ४५ कोरियन खेळाडू झाल्या. इतक्या, की टूरने इंग्रजी बोलता येण्याची सक्ती जाहीर केली आणि टीका झाल्यावर काही दिवसांतच मागे घेतली. उच्चारावरून जोखलं जाणं म्हणजे काय, ते आपल्याला ठाऊक आहे. त्याच वर्षी पाक इन-बीने १९ व्या वर्षी यूएस ओपन जिंकून से-रीचा सर्वांत लहान विजेतीचा विक्रम मोडला. ही सगळी पिढी 'से-री किड्स' म्हणून ओळखली जाते.

इथवरची गोष्ट आपण मुलांना आवडीने सांगतो. पुढची सहसा सांगत नाही. १९९८ च्या शेवटी मायदेशी गेलेली से-री सत्कारांनी इतकी थकली की तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं. २००४ मध्ये हॉल ऑफ फेमसाठी लागणारे गुण पूर्ण झाले, आणि खेळच हरवला. पुढची दोन वर्षं विजय नाही. आपल्याला फक्त गोल्फ येत होतं, विश्रांती कशी घ्यायची ते येत नव्हतं, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं आहे. २००६ मध्ये ती सावरली आणि पाचवी मोठी स्पर्धा जिंकली. एकूण विजय २५.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये कोरियाच्या महिला संघाची प्रशिक्षक से-री होती आणि सुवर्णपदक इन-बीचं. त्याच वर्षी से-री निवृत्त झाली.

शनिवारी सकाळी मुलांना एका क्लासहून दुसऱ्या क्लासला नेणारे आपण सगळे. ब्लॅकवुल्फ रनचा तो व्हिडिओ त्यांना जरूर दाखवा. आणि तो संपला की २००४ मध्ये काय झालं, तेही सांगा.