टोपणनावे, गावांची

गाव, शहर किंवा प्रदेश यांना मूळ नावाखेरीज बोलण्यात, वर्तमानपत्रांत आणि स्वागतकमानींवर चिकटलेली नावे. सरकारदरबारी त्यांची नोंद नसते. त्यामुळे एकच बिरुद चार गावे मिरवतात आणि त्यावरून कोणी कोणाला कोर्टात खेचत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

सर्वांत जुना थर तीर्थांचा. ‘दक्षिण काशी’ पैठणही आहे, वाईही आणि कोल्हापूरही. पैठणला हा मान धर्मनिर्णय देणाऱ्या शास्त्रीमंडळींमुळे मिळाला, वाईला कृष्णेच्या घाटांमुळे व रास्त्यांनी उभारलेल्या देवळांमुळे. कोल्हापूरकर करवीरमाहात्म्याचा हवाला देतात. तिन्ही दावे आपापल्या जागी खरे आहेत.

काशीची जागा पुढे पंढरीने घेतली, आणि मराठीने स्वतः घडवलेली बिरुदे पाहायची तर ती इथेच. ज्या गावी एखाद्या कलेचे किंवा खेळाचे वारकरी जमतात ते गाव त्या कलेची पंढरी ठरते. सांगली ही ‘नाट्यपंढरी’, कारण विष्णुदास भावे यांनी 5 नोव्हेंबर 1843 रोजी संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’चा प्रयोग तिथे केला. कोल्हापूर ‘कुस्तीपंढरी’ झाले ते शाहू महाराजांमुळे. त्यांनी 1912 मध्ये बांधून घेतलेले खासबाग मैदान मधल्या हौद्याकडे उतरत जाते, म्हणून शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पट कोणी काढला, चीतपट कोण झाला हे दिसते. हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून मळलेली असते. क्रीडापानांनी तर लंडनच्या लॉर्ड्स मैदानालाही ‘क्रिकेटची पंढरी’ करून टाकले. तिकडच्यांना याचा पत्ता नसावा. कोल्हापूरचे दुसरे नाव ‘कलापूर’. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी आणि 1929 मध्ये निघालेली प्रभात या दोन्ही तिथल्याच. प्रभात 1933 मध्ये पुण्याला गेली, नाव मात्र कोल्हापूरकडेच राहिले.

इंग्रजी अमदानीत उसन्या नावांची लाट आली. पुणे ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ झाले. ‘विद्येचे माहेरघर’ हे त्याच शहराचे घरचे नाव अधिक गोड आहे आणि त्याची मुळेही खोल आहेत. पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई बुडाल्यावर या दक्षिणेच्याच पैशातला काही भाग 1821 साली निघालेल्या पाठशाळेकडे वळवला गेला. पुढे तिचेच डेक्कन कॉलेज झाले. मँचेस्टरचा सुकाळ तर विचारू नये: अहमदाबाद, कानपूर, कोइमतूर, भिवंडी आणि इचलकरंजी, सगळीच मँचेस्टर. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये बसवला. जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे त्यांना पाठबळ होते. ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणून गाव ओळखले जाऊ लागले खरे, पण तुलना लंगडी आहे. मँचेस्टर म्हटले की डोळ्यांपुढे मोठ्या गिरण्या येतात, तर इचलकरंजी गल्लीबोळांतल्या पत्र्याच्या शेडवर उभी आहे. तिथला ‘खर्चीवाला’ यंत्रमागधारक व्यापाऱ्याचे सूत घेतो, कापड विणून देतो आणि मजुरी घेतो. ही मजुरी पिकावर, म्हणजे इंचामागे आडवे धागे किती यावर, ठरते. कारखानदार म्हणावा तर सूत त्याचे नाही, मजूर म्हणावा तर माग त्याचेच. मँचेस्टरच्या नावात हा माणूस कुठेच दिसत नाही.

काही बिरुदे आकड्यावर उभी असतात. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे ‘बावन्न दरवाजांचे शहर’. तटाचे मुख्य दरवाजे चार: दिल्ली, जालना, पैठण आणि मक्का. मलिक अंबरच्या काळातला भडकल दरवाजा त्याहून जुना. आज उभे असलेले सगळे दरवाजे मोजले तरी बावन्नाच्या निम्मेही भरत नाहीत. बावन्न वीर, बावनकशी, बावन्न दरवाजे: बोलीला हा आकडा आवडतो, एवढेच म्हणता येईल.

एका प्रसंगातून जन्मलेले नाव सोलापूरचे. मे 1930 मध्ये तिथे लष्करी कायदा पुकारला गेला. पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी झाली, आणि सोलापूर ‘हुतात्म्यांचे शहर’ झाले.

कारण संपले तरी नाव टिकते. मुंबईत लालबाग-परळच्या टापूला आजही ‘गिरणगाव’ म्हणतात. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. गोव्यात ‘पूर्वेचे रोम’ म्हणवणारे जुने गोवे साथींनी ओस पडले आणि 1843 मध्ये राजधानी रीतसर पणजीला गेली.

प्रदेशांची टोपणनावे थोडी आहेत आणि ती बहुधा म्हणीतून येतात. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही काळ्या जमिनीची आणि कापसाची थोरवी. अमेरिकेतल्या यादवीने 1861 नंतर तिकडचा कापूस अडला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला आलेला भाव या म्हणीला शोभणारा होता.

पिकाची नावे पुष्कळदा बाजारपेठेकडे जातात. नागपूर ‘संत्रानगरी’ आहे, पण बागा काटोल, नरखेडकडे आणि अमरावती जिल्ह्यातल्या वरुड, मोर्शीकडे. वरुडला ‘विदर्भाचे कॅलिफोर्निया’ म्हणतात. मुंबईच्या बाजारात मात्र वरुडचा माल ‘नागपुरी संत्री’ म्हणूनच विकला जातो.