एमसीएम प्रथिने
केंद्रक असलेल्या कोशिकांत (पेशींत) डीएनएची प्रतिकृती एका कोशिकाचक्रात एकदाच तयार व्हावी, यासाठी आवश्यक असलेले प्रथिनांचे एक कुल. त्यातील क्रमांक २ ते ७ ही सहा प्रथिने मिळून कड्यासारखी रचना होते. मानवी कोशिकेत प्रतिकृतीचा प्रारंभ हजारो ठिकाणी होतो. एखाद्या भागाची नक्कल दोनदा झाल्यास गुणसूत्रे तुटण्याचा व कर्करोग उद्‌भवण्याचा संभव असतो.

हा प्रश्न १९७० मध्ये स्पष्ट झाला. भारतीय शास्त्रज्ञ पोटू नरसिंह राव व रॉबर्ट जॉन्सन यांनी मानवी कोशिकांचा संयोग घडवून आणला. प्रतिकृती चालू असलेल्या कोशिकेच्या सान्निध्यात, प्रतिकृती न झालेल्या केंद्रकात ती लवकर सुरू झाली. प्रतिकृती पूर्ण झालेल्या केंद्रकात मात्र ती पुन्हा सुरू झाली नाही. पुढे १९८४ मध्ये मेन, सिन्हा व टाय यांनी लघुगुणसूत्रे टिकवून धरू न शकणारे यीस्टचे उत्परिवर्तित प्रकार वेगळे केले. कुलाचे नाव त्यांवरूनच पडले.

ज्युलियन ब्लो व रॉन लास्की यांनी १९८८ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कावरील प्रयोगांवरून ‘परवाना घटका’ची कल्पना मांडली. हा घटक विभाजनाच्या वेळी केंद्रकावरण विरघळल्यावर डीएनएशी बद्ध होतो व प्रतिकृती होताना खर्ची पडतो, असे त्यांचे अनुमान होते. एमसीएम प्रथिने या घटकाचा भाग असल्याचे १९९५ मध्ये आढळले आणि दोन स्वतंत्र संशोधनधारा एकत्र आल्या.

केंद्रकावरणाविषयीचा तर्क मात्र नंतर बदलावा लागला. प्रतिकृतीपूर्वी इतर प्रथिनांच्या साहाय्याने एमसीएम कडी जोडीने डीएनएवर बसविली जातात. प्रतिकृतीच्या वेळी ती डीएनएचे दोन धागे विलग करतात. त्यानंतर नवी कडी बसू नयेत म्हणून सायक्लिनावलंबी एंझाइमे, तसेच प्राण्यांमध्ये १९९८ मध्ये शोधलेले जेमिनिन हे प्रथिन, कडी बसविणाऱ्या प्रथिनांना रोखतात.

विभाजनक्षम कोशिकांत ही प्रथिने असतात, विश्रांत कोशिकांत ती बहुधा आढळत नाहीत. या भेदाच्या आधारे गर्भाशयग्रीवेच्या नमुन्यातील विकृत कोशिका ओळखता येतात, हे लास्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखविले. यीस्टमधील एका दोषाच्या अभ्यासातून सुरू झालेले संशोधन अशा रीतीने कर्करोगाच्या निदानास उपयुक्त ठरले.