दोऱ्याने मोजलेले अंतर

पृथ्वीगोलावर हेलसिंकी आणि टोकियो ही शहरे ताणलेल्या दोऱ्याने जोडली, तर दोरा सायबेरियावरून जातो. दोन्ही शहरांमधील हे सर्वांत कमी अंतर, सुमारे ७,८०० किलोमीटर. विमानाचा सरासरी वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर प्रवासाला नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागेल, असे आपण वर्गात सांगू.

परंतु १९८३ साली फिनएअरने या शहरांदरम्यान विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा सुमारे तेरा तास लागत. शीतयुद्धाच्या त्या काळात फिनएअरला सायबेरियावरून जाण्याची मुभा नव्हती. विमान उत्तर ध्रुवावरून बेरिंग सामुद्रधुनीकडे आणि तेथून दक्षिणेस टोकियोला जाई. पुढे मुभा मिळाली आणि प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला.

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्ध भडकले. रशियाने आपली हवाई हद्द फिनलंडच्या विमानांना बंद केली. मार्चमध्ये विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली. पुन्हा तेरा तास!

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे सूत्र शिकवताना आपण विद्यार्थ्यांना एवढे जरूर विचारावे: हे अंतर कोणत्या वाटेचे?