दुचाकी माहितीपुस्तिकांचे मराठी भाषांतर

मोटारसायकल, स्कूटर किंवा मोपेड विकत घेताना ग्राहकाला मिळणाऱ्या छापील माहितीपुस्तिकेचे मराठीत केलेले रूपांतर हा तांत्रिक भाषांतराचा एक प्रकार होय. अशा पुस्तिकेला बोलण्यात ‘गाडीचे पुस्तक’ म्हणतात. मूळ मजकूर बहुधा इंग्रजीत तयार होतो आणि तेथून थेट किंवा हिंदीमार्गे मराठीत येतो. शब्दशः भाषांतरामुळे त्यात हास्यास्पद वाक्ये शिरतात, आणि या विषयाची सर्वसामान्य ओळख मुख्यतः अशा वाक्यांमुळेच आहे. परंतु टायरमधील हवेचा दाब, वंगण, बॅटरीची निगा, ब्रेकची तपासणी आणि वॉरंटीच्या अटी याच पुस्तिकेत असतात. त्यामुळे येथील चूक केवळ भाषेची राहत नाही. अमरावती (एमएच-२७) आणि अकोला (एमएच-३०) या वऱ्हाडातील जिल्ह्यांत या प्रश्नाला हिंदीचे सान्निध्य, परिभाषेचा जुना वाद आणि पाण्याचा खारेपणा अशी आणखी काही अंगे आहेत.

शब्दशः भाषांतराचे नमुने

यंत्रशास्त्रातील बरीच इंग्रजी नावे रोजच्या वापरातील शब्दांपासून बनली आहेत. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलला, की घोटाळा ठरलेला. ‘फ्री प्ले’ म्हणजे क्लच किंवा ब्रेकची दांडी प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी जेवढी ढिली हलते ते अंतर. त्याचा शब्दार्थ घेतल्यास ‘क्लचमध्ये १० ते २० मिलिमीटर मोफत खेळ ठेवा’ असे वाक्य तयार होते. ‘ब्रेक शू’चा जोडा होतो, ‘स्प्रिंग’चा वसंत, ‘हॉर्न’चे शिंग आणि पेट्रोलच्या ‘कॉक’चा कोंबडा. ‘वेअर’ या शब्दाचे झिजणे आणि अंगावर घालणे असे दोन अर्थ असल्याने टायरच्या झिजेची मर्यादा ही टायर परिधान करण्याची मर्यादा ठरते. ‘रनिंग-इन’ म्हणजे नव्या इंजिनाचे भाग एकमेकांत बसेपर्यंत गाडी बेताने चालवण्याचा काळ. शब्दशः घेतला तर तो ‘आत धावण्याचा काळ’ होतो, आणि कुठे आत, हे वाचकाने ठरवायचे.

‘न्यूट्रल’ या शब्दाचे उदाहरण थोडे निराळे आहे. ‘गाडी तटस्थ करा’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. तटस्थ हा शब्दही चुकीचा म्हणता येत नाही, परंतु तो राजकारणातला आणि परराष्ट्र धोरणातला आहे, गिअरचा नव्हे. भाषांतर चुकीचे नसूनही निरुपयोगी ठरते ते असे.

हा अनुभव केवळ मराठीचा नाही. जपानमधील वाहनचालकांसाठी लिहिलेल्या इंग्रजी सूचनांचा म्हणून एक उतारा जगभर अनेक दशके फिरत आहे. पादचारी समोर आल्यास प्रथम मंजुळ स्वरात भोंगा वाजवावा आणि तरीही तो न हलल्यास जोराने, असा त्याचा आशय आहे. कधी तो एका मोटारसायकलच्या पुस्तिकेतील म्हणून सांगितला जातो, तर कधी टोकियोच्या पोलिसांच्या पत्रकातील. भाषांतराच्या विनोदांपैकी बरेच अशा रीतीने आईबापाविना वाढलेले असतात. त्यामुळे एखादे वाक्य खरोखर छापले गेले होते की कोणी रचून खपवले, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

हिंदीमार्गे येणारे घोटाळे

मराठी मजकूर हिंदीवरून तयार केल्यास चुका वेगळ्या जातीच्या होतात. दोन्ही भाषांची लिपी एक आहे आणि संस्कृत शब्दही सामाईक आहेत, पण अर्थ अनेकदा दूर गेले आहेत. हिंदीत ‘यातायात’ म्हणजे वाहतूक, मराठीत त्रास आणि दगदग. तो शब्द तसाच ठेवल्यास ‘यातायातीचे नियम पाळा’ अशी सूचना तयार होते. मराठी वाचकाला ती अनुभवाच्या दृष्टीने खरी वाटली, तरी अभिप्रेत नसते. हिंदी ‘चेष्टा’ म्हणजे प्रयत्न. स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न करू नये, या ताकिदीचे मराठीत ‘दुरुस्तीची चेष्टा करू नये’ असे होते. ‘संशोधन’ हिंदीत दुरुस्ती किंवा फेरबदल या अर्थी येते. त्यामुळे तांत्रिक तपशिलात बदल करण्याचा कंपनीचा हक्क मराठीत शास्त्रीय संशोधनाचा हक्क होऊन बसतो.

‘खाली’ या शब्दाबाबत वऱ्हाडची स्थिती वैशिष्ट्यपूर्ण आहे. ‘टाकी खाली होऊ देऊ नका’ हे वाक्य पुण्याच्या वाचकाला टाकी निसटून पडण्याविषयीचे वाटू शकते. वऱ्हाडी बोलीत मात्र रिकामा या अर्थीही ‘खाली’ सर्रास वापरला जातो, त्यामुळे तेथे ते अडत नाही. ‘मले’, ‘तुले’ ही रूपे किंवा ‘गाडी काहून बंद पडून राह्यली’ यासारखी क्रियापदांची रचना असलेल्या या बोलीत हिंदीचे अनेक शब्द मुरलेले आहेत. प्रमाण मराठीच्या दृष्टीने सदोष असलेली पुस्तिका म्हणूनच अकोल्यात कधीकधी मुंबईपेक्षा चांगली समजते.

परिभाषेची पार्श्वभूमी

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या ताब्यात आले आणि १९०३ पासून मध्य प्रांताच्या प्रशासनाला जोडले गेले. स्वातंत्र्यानंतरही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि अकोला हे जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होते. त्या राज्यात हिंदी व मराठी या दोन्ही भाषांतून कारभार चालवायचा होता, आणि त्यासाठी डॉ. रघुवीर यांनी नागपूर येथे संस्कृत धातूंवर आधारलेली विस्तृत परिभाषा तयार केली. या परिभाषेची थट्टाही भरपूर झाली. रेल्वेगाडीसाठी ‘लौहपथगामिनी’ आणि टायसाठी ‘कंठलंगोट’ हे शब्द त्यांच्या नावावर खपवले जातात. ते विरोधकांनीच रचले, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे आहे.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० मध्ये भाषा संचालनालय सुरू झाले. त्याचा पदनाम कोश १९६२ मध्ये निघाला, तेव्हा आचार्य अत्रे यांनी त्याची ‘बदनाम कोश’ अशी संभावना केली. त्यातील अनेक शब्द पुढे इतके रुळले की ते कधी नवे होते, हे आज सांगावे लागते. यंत्रांच्या परिभाषेला मात्र तेवढे यश लाभले नाही. मराठी विश्वकोशाने ‘अंतर्ज्वलन-एंजिन’ अशी नोंद केली, पिस्टनला दट्ट्या, व्हॉल्व्हला झडप, बेअरिंगला धारवा आणि क्रँकशाफ्टला भुजादंड म्हटले. हे शब्द अर्थवाही आहेत. दट्ट्या आणि झडप तर लोकभाषेतूनच घेतलेले आहेत. परंतु ज्यांच्या हातात ते दट्ट्ये रोज येतात, त्यांच्या तोंडी ते रुजले नाहीत. पुस्तिकेच्या भाषांतरकाराने कोश प्रामाणिकपणे पाळला, तरी वाचकाला दुसरा कोश लागतो.

गॅरेजची भाषा

दुचाकी दुरुस्त करणाऱ्यांनी आपली परिभाषा कोणत्याही समितीविना घडवली. तिच्यात जुने मराठी शब्द टिकून आहेत: नट-बोल्टचे आटे, बेअरिंगचे छर्रे, पाना, पक्कड. इंग्रजी नावे उच्चाराच्या सोयीने बदलतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा ‘शॉकप’ होतो, आणि इंधनाच्या हिशेबाला ‘अ‍ॅव्हरेज’ म्हणतात. क्रियापदे मात्र सर्वस्वी देशी असतात. किक मारतात, रेस देतात, रिझर्व्ह लागते, प्लग काळा होतो, कार्बोरेटरमध्ये कचरा येतो आणि वंगणाअभावी पिस्टन सिलिंडरमध्ये अडकला, की इंजिन ‘पकडते’. ही भाषा अचूक आहे. तिच्यातील प्रत्येक शब्दाला एक विशिष्ट बिघाड किंवा कृती नेमून दिलेली आहे. छापील पुस्तिका ती बहुधा टाळतात, कारण ती लेखनाच्या प्रतिष्ठेची मानली जात नाही.

लेखनिविष्ट प्रतिष्ठेची किंमत दोन-स्ट्रोक गाड्यांच्या काळात दिसण्यासारखी होती. बजाज चेतक ही स्कूटर १९७२ मध्ये बाजारात आली. त्याच वर्षी कायनेटिकची लूना मोपेड आली. या गाड्यांत पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागे. प्रमाण २ टक्के असल्यास लिटरमागे २० मिलिलिटर तेल हा हिशेब ग्राहकाच्या ध्यानात बसणे आवश्यक होते. ‘इंधन-वंगण मिश्रणाचे विहित गुणोत्तर’ असे लिहिल्याने तो बसत नाही.

न हसवणाऱ्या चुका

मोफत खेळ वाचून वाचक हसतो आणि अर्थ दुसऱ्याला विचारतो. या अर्थाने हास्यास्पद चूक स्वतःची सूचना स्वतःच देते. वाक्य सरळ वाटते आणि अर्थ बदललेला असतो, तेव्हा धोका अधिक असतो.

बॅटरीच्या पाण्याचे उदाहरण वऱ्हाडासाठी विशेष महत्त्वाचे आहे. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्ल बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते. गॅरेजमध्ये त्याला डिस्टिल वॉटर किंवा नुसते बॅटरीचे पाणी म्हणतात. पुस्तिकेत ‘शुद्ध पाणी’ असे भाषांतर आल्यास वाचक ते पिण्यायोग्य पाणी समजतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील भूजलात क्षारांचे प्रमाण मोठे आहे. असे पाणी, गाळून आणि उकळून घेतले तरी, बॅटरीच्या पट्ट्यांची हानी करते, कारण गाळल्याने किंवा उकळल्याने त्यात विरघळलेले क्षार निघत नाहीत. देखभालमुक्त बॅटऱ्यांमुळे हा प्रश्न नव्या गाड्यांत उरलेला नाही.

टायर ‘थंड असताना’ दाब मोजावा, ही सूचनाही संदर्भाविना अपुरी पडते. गाडी काही तास चाललेली नसावी, एवढाच तिचा अर्थ आहे. मे महिन्यात अकोल्याचे तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास जाते, तेव्हा शब्दशः थंड टायर मिळणे अवघड. दाबाच्या एककांचा गोंधळ याहून गंभीर आहे. १७५ किलोपास्कल, प्रति चौरस सेंटिमीटर १.७५ किलोग्रॅम आणि प्रति चौरस इंच २५ पौंड ही एकाच दाबाची तीन रूपे आहेत. हवा भरणारा त्यातील केवळ २५ हा आकडा ओळखतो. छपाईत दशांशचिन्ह किंवा एकक गळाल्यास उरलेल्या आकड्यावरून काहीच निष्पन्न होत नाही.

नकारार्थी वाक्यांत ‘नाही’ हा शब्द गळणे हा आणखी एक प्रकार. ‘इंजिन थंड होत नाही तोपर्यंत तेलाचे झाकण उघडू नये’ या वाक्यातील ‘होत नाही’च्या जागी ‘होते’ आल्यास थंड इंजिनाचे झाकण न उघडण्याची आणि पर्यायाने तापलेल्याचे उघडण्याची सूचना तयार होते. गूगलच्या भाषांतर सेवेत मराठीचा समावेश २०१३ मध्ये झाला आणि २०१७ मध्ये ती न्यूरल पद्धतीवर आली. तेव्हापासून वाक्ये अधिक प्रवाही झाली. परंतु प्रवाही वाक्यातील चूक वाचकाच्या नजरेतून सहज सुटते.

कायदा आणि बदलते तंत्रज्ञान

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये उत्पादन दायित्वाची तरतूद आहे. हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना किंवा इशारे दिले नसतील, तर उत्पादकावर त्याची जबाबदारी येऊ शकते. दुसरीकडे वॉरंटीचा दावा फेटाळताना पुस्तिकेतील अटींचाच आधार घेतला जातो. त्यामुळे ग्राहकाला न समजलेले वाक्यही त्याच्यावर बंधनकारक ठरू शकते.

एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत आपोआप पेटलेला राहतो. त्यानंतर बराच काळ रस्त्यावरचे लोक दिवसा दिवा लावून जाणाऱ्याला हाताने खूण करून तो बंद करण्यास सुचवत असत. बटण नसल्याचे पुस्तिकेत लिहिलेले होते. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाले आणि बहुतेक गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी इंधन अंतःक्षेपण प्रणाली आली. चोक आणि त्याच्याबरोबर त्याची सगळी भाषांतरे मागे पडली. इंजिनातील बिघाड दाखवणारा पिवळा दिवा ही त्या जागी आलेली नवी गोष्ट. त्याला पुस्तिकांत निरनिराळी नावे आढळतात, गॅरेजमध्ये मात्र ‘इंजिनची लाईट’ हे एकच नाव रूढ झाले आहे.