जसे आहे, जेथे आहे : लिलावातल्या घराचा इतिहास

वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक टायपात छापलेल्या जाहीर नोटिसा साहित्याच्या अभ्यासकाने वाचाव्यात, हे आम्हांला फार उशिरा सुचले. निमित्त झाले एका माजी विद्यार्थ्याचे. मराठी घेऊन एम.ए. झालेला हा विद्यार्थी आता शाळेत शिकवतो. साठवलेल्या पैशांतून बँकेने लिलावात काढलेली एखादी सदनिका घ्यावी, डागडुजी करून ती भाड्याने द्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. कात्रण पुढे ठेवून तो म्हणाला, "सर, किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी दिसते. पण 'सांकेतिक ताबा' म्हणजे काय? आणि 'जसे आहे, जेथे आहे, जे काही आहे' ही कसली मराठी?" प्रश्न भाषेचा होता म्हणून तो आमच्याकडे आला. उत्तर शोधता शोधता मात्र आम्ही एकोणिसाव्या शतकात जाऊन पोहोचलो.

लिलाव हा शब्द आपल्या सामाजिक स्मृतीत ऋणकोच्या बाजूने रुजलेला आहे. त्याचे कारण 1859 सालापाशी सापडते. त्या वर्षी दिवाणी प्रक्रिया संहिता आली आणि मुदतीचा कायदाही आला. कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घालावी, म्हणजे व्याज साचत जाणार नाही, असा या दुसऱ्या कायद्यामागचा हेतू सांगितला गेला. प्रत्यक्षात सावकाराने दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घेण्यास सुरुवात केली आणि थकलेले व्याज नव्या रोख्यात मुद्दल होऊन बसले. रोख्यावर अंगठा उठवणाऱ्याला तो वाचता येत नव्हता. न्यायालयापुढे मात्र रोखा हाच पुरावा होता. अशा रीतीने घर आणि जमीन कागदावरून हलू लागली.

डिसेंबर 1874 मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध हुकूमनामा मिळवला. कर्ज सुमारे 150 रुपयांचे होते. सावकाराने देशमुखाचे घर पाडले. गावाने सावकारांवर बहिष्कार घातला आणि तो आसपासच्या गावांत पसरला. पुढे 12 मे 1875 रोजी सुपे येथे जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला. या दंग्यांत काय जाळले गेले, ते पाहण्यासारखे आहे. धान्य लुटले गेले, काही घरांना आगीही लागल्या. पण जमावाची मुख्य मागणी वह्या आणि कर्जरोखे यांची होती आणि होळी झाली ती त्यांचीच. घर कोणत्या वाटेने जाते, हे ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांनी नेमके ओळखले होते.

दंग्यांच्या चौकशीसाठी आयोग बसला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता तो होता. रोख्याच्या पलीकडे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासण्याची मुभा त्याने न्यायाधीशाला दिली. स्थावर मिळकत स्पष्टपणे गहाण दिलेली नसेल तर पैशाच्या हुकूमनाम्यापायी ती विकता येणार नाही, असेही ठरले. तरीही 1883 मध्ये महात्मा फुल्यांना 'शेतकऱ्याचा असूड' लिहावासा वाटला. सावकार, कारकून आणि कचेरी यांच्या साखळीकडे पाहण्याची आपली दृष्टी या परंपरेतून घडली. 1925 मध्ये बाबूराव पेंटरांनी काढलेला 'सावकारी पाश' हा मूकपटही तिचाच वारस. या परंपरेत लिलावात बोली लावणाऱ्याला अंतरंग नसते. तो खलनायक असतो किंवा नुसता एक आवाज असतो.

कायद्याने मात्र बोली लावणाऱ्याचा विचार फार बारकाईने केलेला आहे. 1908 ची दिवाणी प्रक्रिया संहिता या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. न्यायालयीन लिलावात ज्याची बोली मान्य होते त्याने जागेवरच 25 टक्के रक्कम भरायची आणि उरलेली पंधराव्या दिवसाच्या आत. हुकूमनामाधारकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय स्वतः बोली लावता येत नाही. शेती करणाऱ्याचे राहते घर जप्तीतून वगळलेले आहे. सर्वांत बोलकी आहे ती एकविसाव्या आदेशातील 89 व्या नियमाची तरतूद. लिलाव झाल्यानंतरही ठरावीक मुदतीत, आज ती 60 दिवसांची आहे, ऋणकोने देणे भरले आणि खरेदीदाराला त्याच्या रकमेवर 5 टक्के अधिक दिले, तर विक्री रद्द होते. घर परत मिळवण्याची शेवटची फट आणि मोडलेल्या सौद्याची भरपाई, दोन्ही एकाच नियमात बसवलेली आहेत.

2002 च्या सरफेसी कायद्याने या व्यवस्थेला समांतर असा दुसरा रस्ता काढला. बँकेने 60 दिवसांची मागणी नोटीस द्यायची. तेवढ्यात देणे आले नाही तर दिवाणी न्यायालयात न जाता तारण मिळकतीचा ताबा घ्यायचा आणि ती विकायची. ऋणकोला दाद मागायची असेल तर 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमीन या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. गहाण पडलेले शहरातले राहते घर मात्र आत आहे. दख्खनच्या दंग्यांचा वारसा शेतकऱ्याला मिळाला, गृहकर्जाचे हप्ते भरणाऱ्या पगारदाराला मिळाला नाही, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

आमच्या विद्यार्थ्याच्या कात्रणातली भाषा इथून आली. ताब्याची नोटीस दोन वृत्तपत्रांत छापावी आणि त्यांपैकी एक स्थानिक भाषेतले असावे, असा या कायद्याखालचा नियम आहे. म्हणजे ही मराठी कायद्याने सक्तीने लिहवून घेतलेली मराठी आहे, आणि म्हणूनच ती वाचायला शिकावे लागते. 'सांकेतिक ताबा' याचा अर्थ बँकेने दारावर नोटीस डकवली आहे. आत माणसे राहत असण्याचा संभव आहे. त्यांना बाहेर काढण्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्याची मदत घेण्याचे काम अजून उरलेले असते. 'जे काही आहे' याचा अर्थ त्या घरावरची सोसायटीची थकबाकी, मालमत्ता कर, एखादा भाडेकरू, प्रलंबित दावा, यांचा शोध खरेदीदारानेच घ्यायचा. वीजबिलाची जुनी थकबाकीसुद्धा अशा अटींवर विकत घेणाऱ्याच्या माथी येऊ शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये के. सी. निनान प्रकरणात सांगितले आहे. स्वस्त किंमत म्हणजे या सगळ्या न छापलेल्या ओळींची वजावट असते.

घर सोडवून घेण्याचा हक्क नेमका केव्हा संपतो, हा या इतिहासातला कळीचा प्रश्न आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने गहाण सोडवण्याचा हक्क मान्य केला. सरफेसीखालीही विक्री पुरी होईपर्यंत तो जिवंत असतो, असे 2014 मध्ये मॅथ्यू वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धरले. 2016 च्या दुरुस्तीने ही सीमा लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापर्यंत अलीकडे आणली आणि 2023 च्या सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालाने ती पक्की केली. खरेदीदाराला यातून स्थैर्य मिळाले. त्याविना कोणी बोलीच लावणार नाही, हा युक्तिवाद खोटा नाही. पण ज्या दिवशी आमचा विद्यार्थी सकाळी चहाबरोबर ती नोटीस वाचतो, त्याच दिवशी दुसऱ्या कोणाचा तरी शेवटचा हक्क संपलेला असतो. संहितेने लिलावानंतरही दिलेली 60 दिवसांची फट इथे लिलावाच्या आधीच बुजलेली आहे.

आम्ही त्याला घर घेऊ नकोस असे सांगितले नाही. तसे सांगण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. आमच्यापैकी काही जण स्वतः गृहकर्जाच्या घरांत राहतो. आम्ही त्याला एवढेच सुचवले की बोलीपूर्वीची अनामत भरण्याआधी सोसायटीच्या चिटणीसांना भेट, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदी शोध, न्यायाधिकरणात अर्ज प्रलंबित आहे का ते पाहा, वकिलाला कागद दाखव, आणि घर प्रत्यक्ष बघ. त्याने यादी लिहून घेतली.

पंधरवड्याने तो परत आला. घर बघून आला होता. "दार उघडलं ते आपल्याच कॉलेजच्या एका मुलीनं," तो म्हणाला. "तिनं पाणी विचारलं." त्या लिलावात त्याने बोली लावली नाही. पुढच्या लिलावात लावणार आहे. या खेपेस रिकामे घर, प्रत्यक्ष ताब्यातले, एवढी अट त्याने स्वतःला घालून घेतली आहे. त्या पहिल्या सदनिकेसाठी कोणीतरी बोली लावलीच असेल. आपल्या वाङ्मयाने त्या माणसाची गोष्ट अजून फारशी सांगितलेली नाही.