दोन चटयांची बाग

पुण्याच्या पु. ल. देशपांडे उद्यानांत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ जण हिंडून आले असतील. तें ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर रचलेलें आहे. आणि मूळ कोराकुएन तेथील संस्थानिक इकेदा त्सुनामासा यानें १६८७ ते १७०० या काळांत करविलें. तळें, टेकाड, विस्तीर्ण हिरवळ असा तो दरबारी थाट. तो पाहून आलेला गृहस्थ घराच्या कोपऱ्यांत तसलीच बाग करावयास निघतो, तेव्हां एक दगडी दिवा, एक बांकदार पूल आणि एक सिमेंटचा हौद एवढ्या सामानानें ती जागा भरून टाकतो. हौस चांगली, परंतु जपानांतील लहान बाग ही मोठ्या बागेची आखूड केलेली नक्कल नव्हे. तिचें कूळ निराळें आहे, आणि त्या कुळांत श्रीमंतीपेक्षां टंचाईचा वाटा मोठा आहे.

अकराव्या शतकांत क्योतोचे उमराव तळें, बेट व प्रवाह यांनीं युक्त अशा बागा करीत. त्या काळचा ‘साकुतेइकि’ हा उद्यानरचनेवरील ग्रंथ ताचिबाना नो तोशित्सुना (१०२८–१०९४) याचा मानला जातो. दगड कसा बसवावा हें आपल्या लहरीवर न सोडतां त्या दगडाच्याच कलावरून ओळखावें, असा त्याचा उपदेश. पुढें १४६७ ते १४७७ पर्यंत चाललेल्या ओनिन युद्धांत क्योतोचा मोठा भाग जळून गेला. त्यानंतरच्या काळांत झेन मठांमधील निर्जल बागेस बहर आला. १५०९ मध्यें स्थापन झालेल्या दाइसेन-इन मठांत एका अरुंद पट्टींत उभे दगड धबधबा होतात आणि पांढरी वाळू नदी होऊन वाहते. र्‍योआन-जी मठांत १५ दगड मांडलेले आहेत. पण ओसरीवर कोठेंही बसलें तरी एखादा दृष्टीआड राहतोच. जें दिसत नाहीं, तें पाहणाऱ्यानें मनांत पुरें करावयाचें.

सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) या आचार्याच्या हातीं चहाच्या विधीस साधेपणाचें रूप आलें. चहागृहाकडे नेणारी ‘रोजी’ नांवाची वाट हीच तेथील बाग. तिच्यावरील सुटे पायदगड पाहुण्याची चाल मंद करतात. हात धुण्याचें दगडी पात्र बुटकें, म्हणून लवावें लागतें. अंधारांत वाट दिसावी म्हणून दिवा. आज शोभेसाठीं विकला जाणारा दिवा येथें चाकरीस होता.

क्योतोच्या व्यापाऱ्यांचीं घरें रस्त्याकडे अरुंद आणि आंत लांबच लांब. लोक त्यांस वाममाशाचें अंथरूण म्हणत. मधल्या खोल्यांस उजेड व वारा मिळावा म्हणून घराच्या पोटांत चिमुकली जागा उघडी सोडीत, तीच त्सुबोनिवा. त्सुबो हें माप तातामीच्या दोन चटयांएवढें, म्हणजे सुमारें ३६ चौरस फूट. प्रत्यक्ष बाग याहून थोडी लहान वा मोठी असे. उन्हाळ्यांत तेथें पाणी शिंपडीत, म्हणजे खोल्यांत गारवा येई. नेचे, शेवाळ, सावलींत वाढणारें एखादें झाड, एक पात्र, दोन-तीन दगड, एवढाच संसार. आमच्या वाड्यांतील चौकानेंही घरास उजेड-वारा दिला. मात्र तेथें माणसें वावरत आणि तुळशीची पूजा होई. जपानी गृहस्थानें ती जागा मुख्यतः बसून पाहण्यासाठीं राखली.

तेव्हां आपल्या घरीं अशी बाग करणाऱ्यानें आधीं दुकानांत न जातां, रोज जेथें बसावयाचें तेथें बसावें आणि तेथून काय दिसावें हें ठरवावें. दगड दोन-तीनच असावेत, व ते मातींत इतके पुरावे कीं तेथेंच जन्मल्यासारखे वाटावेत. क्योतोचें शेवाळ आमच्या वैशाखांत टिकावयाचें नाहीं. सावलींतला नेचा पाणी मिळाल्यास टिकेल. पात्र ठेविलें तर त्यांत पाणी असावें, आणि त्या पाण्यानें कोणाचे तरी हात धुतले जावेत. उरलेली जागा मोकळी राहूं द्यावी. त्या मोकळ्या जागेची भीति वाटूं लागली, कीं माणूस पूल विकत आणतो.