मांजर, मुलतानी माती आणि १९४७

आजचा एपिसोड जेवताना ऐकू नका, आधीच सांगून ठेवतो.

१९४७ म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते. पण मांजरांच्या इतिहासातलं १९४७ घडलं ते अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत. एड लो नावाचा तरुण वडिलांच्या धंद्यात होता. कारखान्यात सांडलेलं तेल शोषायला भुसा आणि माती विकायचे. एक शेजारीण आली. तिच्या मांजराच्या पेटीतली वाळू गोठली होती, म्हणून ती राख वापरत होती, आणि घरभर काळे पंजे उमटत होते. लोनं तिला फुलर्स अर्थचे दाणे दिले. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती, हो, तीच, चेहऱ्याला लावतो ती! बाईंना ती इतकी आवडली की लोनं पाच पौंडांच्या पिशव्या भरल्या, वर 'किटी लिटर' लिहिलं आणि ६५ सेंट किंमत लावली. दुकानदार म्हणाला, वाळू जवळजवळ फुकट मिळते, हे कोण घेणार? लो म्हणाला, मग फुकट वाट. काही दिवसांत गिऱ्हाइकं पैसे देऊन मागायला लागली.

या मातीनं मांजराला चोवीस तास घरात ठेवणं सोपं झालं. त्याआधी ते बाहेर जाऊन उरकून यायचं. आपल्याकडे वाड्याला परस होतं, अंगण होतं, तेव्हा पेटीचा प्रश्नच नव्हता. आता अकराव्या मजल्यावर परस कुठून आणणार?

आणि इथूनच माझं काम सुरू होतं. मी मांजरांच्या वागण्याचा सल्लागार आहे. सगळ्यात जास्त ऐकतो ते हे: "दादा, ही मुद्दाम गादीवर शू करते, सूड उगवते." मागे एका ताईंनी तर रविवारची मुदतच दिली होती, नाहीतर मनीला गावाला सोडणार. गावाला सोडणं म्हणजे काय, ते तुम्हालाही कळतं. फ्लॅटमध्ये वाढलेलं मांजर तिथे टिकणं अवघड.

मी आधी डॉक्टरांकडून लघवी तपासून घ्यायला लावली. ती नॉर्मल आली. मग पेटी बघितली. झाकणाची, लॅव्हेंडरच्या वासाची माती, आणि शेजारी दणदणणारं वॉशिंग मशीन! घरमांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर, एकटं शिकार करणारं आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होणारं. अशा जिवाला झाकणबंद, गोंगाटातली जागा म्हणजे सापळाच. मऊ, शांत गादी त्यापेक्षा बरी. यात सूड कुठे आला?

झाकण काढलं, बिनवासाची बारीक माती घातली, दुसरी पेटी बेडरूमच्या कोपऱ्यात ठेवली. (मांजरं जितकी, त्याहून एक पेटी जास्त, हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब.) गादी एन्झाइम क्लीनरनं धुतली, कारण वास राहिला की मांजर परत तिथेच जातं. मनी अजून त्याच घरी आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. बोका सारखा पेटीत जाऊन जोर काढतोय आणि शू होत नाहीये, तर मला फोन करू नका. मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो, त्यात जीव जातो. रात्र असली तरी तडक डॉक्टर गाठा.

पुढच्या वेळी सोफा ओरबाडण्याबद्दल बोलू. तोवर पेटी रोज साफ करा, मंडळी.